खाल्लेले अंगी का लागत नाही?



नई सडकेवरच्या या व्याख्यानमालेला मी शाळकरी वयापासून येत आलो आहे. पण आजवर समोरच्या खुर्चीवर बसायला. इथे मी कवितेवर ऐकले, नाटकावर ऐकले, शिंदेशाहीच्या इतिहासावर तर कितीदा तरी ऐकले. मुलांच्या आतड्यांवर बोलणारा माणूस या जागी बहुधा प्रथमच उभा राहतो आहे. कार्यवाहांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, निदान शीर्षक तरी घरगुती ठेवा." म्हणून शीर्षक आपल्या आज्यांकडून घेतले आहे.

"खातो चांगला, पण अंगी लागत नाही हो." हे वाक्य तुमच्या घरात कधी ना कधी बोलले गेले असेल. या साध्या वाक्यात आजीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: खाणे ही एक, आणि अंगी लागणे ही दुसरी. आम्हा डॉक्टरांना पहिली गोष्ट मोजता येत होती. वाटीत किती, ताटात किती, त्याचे उष्मांक किती, हे आम्ही मांडत बसलो. दुसऱ्या गोष्टीला आम्ही फार काळ आजीबाईंचे बोलणे म्हणून बाजूला ठेवले. ते बोलणे किती नेमके होते, ते आज मला तुम्हांला सांगायचे आहे. त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लष्करात माझा दवाखाना होता. जवळच एका इमारतीचे काम चालले होते आणि त्यावर श्योपूरकडची सहरिया मजूर कुटुंबे होती. त्यांतली एक बाई जुळ्या मुलांना घेऊन आली. दोघेही मुलगे, वय दीड वर्षाच्या आसपास. एक बऱ्यापैकी धरलेला, दुसरा नुसता हाडांचा सापळा. आपल्याकडे ज्याला सुकटी म्हणतात आणि इथले लोक सूखा म्हणतात, तसा. मी त्या बाईवर रागावलो. एकालाच खायला घालतेस का, असे विचारले. ती म्हणाली, "नहीं साहब, दोनों एक ही थाली में खाते हैं." मला ते खरे वाटले नाही. मी तिच्या कागदावर 'आईचे दुर्लक्ष' असे लिहिले. मुलाला दूध, साखर, तेल यांचा आहार सुरू केला, वजन वाढले, ती गेली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा मूल पुन्हा तसेच झाले होते. मी पुन्हा रागावलो. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

ती खरे बोलत असावी, हे मला कळायला पुढे बरीच वर्षे लागली. ते कसे कळले, तीच आजच्या व्याख्यानाची हकिगत आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही शंका आपल्याच देशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने मांडली होती. तीव्र कुपोषणाची दोन रूपे आहेत. एक सुकटी, ज्यात मूल वाळत जाते. दुसरे सुजवटी, ज्यात पाय आणि चेहरा सुजतो, केसांचा रंग उतरतो, मूल किरकिरे होते. या दुसऱ्या रूपाला वैद्यकात क्वाशिओरकोर म्हणतात. हे नाव सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३५ साली आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानामधून, जगापुढे आणले. तिथल्या गा भाषेत त्याचा अर्थ असा की, धाकटे भावंड आले म्हणजे थोरल्याला जडणारा आजार. पुढे असे मानले गेले की, प्रथिने कमी पडली की सुजवटी आणि सगळेच कमी पडले की सुकटी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी मुलांचा आहार प्रत्यक्ष तपासला आणि १९६८ साली लिहिले की, या दोन गटांतल्या मुलांच्या आहारात असा काही फरक दिसत नाही. एकाच प्रकारचे अन्न खाणारे एक मूल सुजते आणि दुसरे वाळते. मग फरक कुठे आहे? अन्नात नसेल तर मुलाच्या आत कुठेतरी असला पाहिजे. त्या काळी आत पाहण्याचे साधन नव्हते, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला.

आत काय आहे, याची थोडी कल्पना मात्र होती. १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शौचातून एक जिवाणू वेगळा काढला. आज तो ई. कोलाय या नावाने सर्वांना माहीत आहे. १८९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात बिफिडोबॅक्टेरियम सापडला. म्हणजे या शास्त्राचा आरंभच मुळी बाळाच्या दुपट्यातून झाला आहे. आजच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

हे तिथे करतात काय? आपल्या घरातले विरजण डोळ्यांपुढे आणा. दूध तेच, भांडे तेच. पण विरजण चांगले असेल तर दही घट्ट लागते आणि ते बिघडले असेल तर दूध नासते. बाळाच्या पोटातही असे एक विरजण लागावे लागते, आणि ते एका जिवाणूचे नसून शेकडो जातींचे असते. आईच्या दुधात काही शर्करा अशा आहेत की त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. मग त्या दुधात का असतात? तर बिफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंसाठी. आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि बाळाच्या आतल्या बिऱ्हाडालाही. हे जिवाणू त्या बदल्यात आतड्यात आम्लता ठेवतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत, काही जीवनसत्त्वे तयार करतात, पुढे डाळी आणि भाज्यांतल्या न पचणाऱ्या तंतूंपासून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले बनवतात आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला शत्रू कोण, मित्र कोण हे शिकवतात.

आता हे बिऱ्हाड नीट वसले नाही तर काय होते? रोगजंतू माजतात. आतड्याच्या आत रसांकुर नावाचे बारीक उंचवटे असतात. अन्नरस तेच शोषून घेतात. सतत सूज राहिली की ते झिजून बोथट होतात. अस्तरातून नको ते पदार्थ आत झिरपू लागतात आणि शरीर रात्रंदिवस लढाईवर राहते. जे थोडे अन्न आत येते ते वाढीला न लागता या लढाईत खर्च होते. मुलाला जुलाबसुद्धा होत नसतील, बाहेरून काही दिसत नसेल. पण खाल्लेले अंगी लागत नाही.

हे सगळे तर्काने पटण्यासारखे आहे; पण पुरावा हवा होता. तो मालावी या आफ्रिकी देशातून आला, आणि तोही जुळ्या मुलांमधून. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जुळ्यांच्या ३१७ जोड्या जन्मापासून तीन वर्षांच्या होईपर्यंत पाहिल्या. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. निम्म्या जोड्यांत दोन्ही मुले चांगली राहिली. ७ टक्के जोड्यांत दोन्ही कुपोषित झाली. आणि ४३ टक्के जोड्यांत एक मूल कुपोषित झाले, दुसरे झाले नाही. एकच आई, एकच चूल, एकच ताट. हा आकडा मी वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती माझ्या दवाखान्यातली बाई.

संशोधक तिथे थांबले नाहीत. पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवता येतात. काही उंदरांना त्यांनी निरोगी जुळ्याचे जिवाणू दिले, काहींना सुजवटी झालेल्या जुळ्याचे. मालावीतल्या मुलांचे जे खाणे, मक्याच्या पिठाचे आणि थोड्या भाजीचे, तेच या उंदरांना घातले. ज्यांना आजारी मुलाचे जिवाणू मिळाले होते, त्यांचे वजन झपाट्याने उतरले. नुसत्या निकृष्ट अन्नाने इतके झाले नाही, नुसत्या बिघडलेल्या जिवाणूंनीही नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हा झाले. शेंगदाण्याचे पौष्टिक खाणे दिल्यावर मुलांच्या आतड्यातले चित्र सुधारले. पण ते खाणे थांबल्यावर पुन्हा मागे गेले.

हे मागे जाणे का होते, ते बांगलादेशातल्या कामातून उलगडले. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत डॉ. तहमीद अहमद यांच्या संस्थेने निरोगी मुलांचे जिवाणू महिन्यामागून महिना पाहिले. तेव्हा कळले की हे बिऱ्हाडही वयात येते. तीन महिन्यांच्या बाळाचे वेगळे, वर्षाच्या मुलाचे वेगळे, दोन वर्षांनंतर ते बरेचसे मोठ्या माणसासारखे होते. दात येण्याला जसा क्रम आहे तसा याला आहे. कुपोषित मुलांमध्ये हा क्रम अडतो. मूल दीड वर्षाचे, पण आतले बिऱ्हाड त्याहून कितीतरी लहान वयाचे. २०१४ सालच्या त्या अभ्यासात काही मुलांना परदेशी शेंगदाण्याची पेस्ट दिली आणि काहींना ढाक्यातच शिजवलेली खिचडी आणि हलवा. दोन्हींनी वजन वाढले, जिवाणूंचे वयही थोडे पुढे सरकले. पण उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते पुन्हा घसरले. मुलाचे वजन भरले, बिऱ्हाडाची वाढ मात्र झाली नाही.

आपल्या देशातही काम झाले आहे, आणि त्यात आपली मराठी माणसे आहेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्मिला मांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या शास्त्रज्ञांबरोबर २०११ साली एका कुपोषित मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा जनुकीय नकाशा काढला, आणि २०१४ साली पश्चिम बंगालमधल्या, निरनिराळ्या पोषणस्थितीतल्या २० मुलांचा. पोषण जसे घसरते तसे उपयोगी जिवाणू कमी आणि रोगकारक जास्त, असे तिथेही दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास तुम्हांला विशेष आवडेल. त्यांनी एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांची दोन निरोगी कुटुंबे घेतली आणि बाळ, आई-बापाची पिढी आणि आजी-आजोबांची पिढी यांचे जिवाणू कसे बदलत जातात ते पाहिले. एकत्र कुटुंब हा आपल्याकडे कादंबरीचा विषय; शास्त्राच्या हातीही तो असा उपयोगी पडला.

आता मुख्य प्रश्न. बिऱ्हाड वयात येत नसेल तर त्याला वाढवायचे कसे? गॉर्डन आणि अहमद यांनी विचार असा केला की, मुलाला लागणारे अन्न आपण मोजतोच, त्याबरोबर अडलेल्या जिवाणूंना कोणते अन्न लागते तेही शोधावे. बरेच पदार्थ तपासून चार उरले: हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्चे केळे. मीरपूरमध्येच १२ ते १८ महिन्यांच्या, मध्यम कुपोषित अशा सुमारे सव्वाशे मुलांवर त्याची चाचणी झाली. निम्म्या मुलांना हे मिश्रण, निम्म्यांना नेहमीचे तांदूळ-डाळीचे पूरक अन्न, दिवसातून दोनदा, तीन महिने. २०२१ साली निष्कर्ष आला. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरी त्यावरची मुले वजनात अधिक चांगली वाढली. हाडांच्या वाढीशी आणि मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित प्रथिनेही त्यांच्या रक्तात वाढलेली दिसली. कमी खाऊन जास्त अंगी लागले. आजीचे वाक्य उलट्या बाजूने सिद्ध झाले.

ते चार पदार्थ पुन्हा आठवा. हरभरा आपल्या चंबळ खोऱ्यात पिकतो. सोयाबीनमध्ये मध्य प्रदेश देशात आघाडीवर आहे. शिवपुरीच्या बाजूला भुईमूग आहे. केळी बुऱ्हाणपूर-जळगावहून येतात. दाल बाजारात एका फेरीत सगळे मिळेल. आणि तरीही श्योपूर आणि शिवपुरीतल्या सहरिया वस्त्यांतल्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. श्योपूर जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलेच. छोट्या रुळांची ती गाडी इथूनच तिकडे जायची. हा दूरच्या कुणाचा प्रश्न नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि १९ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आहेत. महाराष्ट्रात खुजी ३५.२ टक्के आणि रोडावलेली तर २५.६ टक्के. तेव्हा तिकडे सारे ठीक आहे, असे समजायला नको.

इथे काही गैरसमज होऊ नयेत म्हणून स्पष्ट बोलतो. पहिला असा की, सगळे जिवाणूंचे आहे, म्हणजे भुकेचे काही नाही. तसे मुळीच नाही. ज्या घरात अन्नच नाही तिथे आधी अन्नच पाहिजे. मालावीतही निकृष्ट अन्नाशिवाय घसरण झाली नव्हती. दुसरा असा की, दही-ताक दिले किंवा बाजारातली जिवाणूंची पुडी आणली की झाले. दही चांगलेच आहे. पण आईच्या दुधावर आणि डाळ-भाजीवर जगणारे आतड्यातले जिवाणू वेगळे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका निवडलेल्या जिवाणूने आणि त्याच्या खाद्याने जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, ही मोठीच गोष्ट. पण तो जिवाणू पारखून घेतलेला होता, आणि चाचणी संसर्गाची होती, वजनाची नव्हती. तिसरा असा की, स्वच्छता केली की सर्व साधेल. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे घरोघरी शौचालय, हात धुणे, शुद्ध पाणी यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्याने मुलांची उंची अपेक्षेप्रमाणे वाढली नाही. म्हणून स्वच्छता सोडायची नाही. पण तेवढ्याने भागत नाही, हेही मानायचे.

मग आपण काय करायचे? आपल्या घरातल्या आज्यांना माझी विनंती आहे. बाळाला पहिल्या तासात अंगावर घेऊ द्या आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. मध नको, पाणी नको, आणि, रागावू नका, गुटीही नको. सहाव्या महिन्यानंतर उष्टावणाचा मुहूर्त लांबवू नका. नुसत्या दूधभातावर ठेवू नका. डाळ, केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट, भाजी, चालत असेल तर अंडे, असे निरनिराळे द्या. मेतकूट ज्या घरात होते तिथे हरभऱ्याची डाळ बाळाच्या भातावर शंभर वर्षे पडतेच आहे. आणि साध्या सर्दीला जिवाणूनाशक औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. ते रोगजंतूंबरोबर बिऱ्हाडही उठवते.

दुसरी विनंती घराबाहेरच्या मुलांसाठी आहे. आपल्याकडे भांडीकामाला येणारी, आपल्या घराच्या बांधकामावर असणारी बाई बरोबर मूल आणते. ते फार रोड दिसले तर "खायला घालत नाहीस का?" हा प्रश्न आधी विचारू नका. तिला अंगणवाडीत पाठवा. तिथे दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल धोक्यात आहे. त्याला पोषण पुनर्वास केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. अनेक आया तिथून लवकर निघून येतात, कारण घरी दुसरी मुले असतात आणि मजुरी बुडते. त्या १४ दिवसांचा पगार आपण कापू नये. आणि ती परत आल्यावर पुढचे काही महिने रोज मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि एक केळे तिच्या हाती द्यावे, बाळाला कुटून, कुस्करून भरवायला. वजन भरले तरी बिऱ्हाड मागे जाते, हे आता आपल्याला माहीत आहे. खरी काळजी परत आल्यानंतरच घ्यायची असते. ती मी घेतली नाही.

ती बाई आता कुठे असेल मला ठाऊक नाही. दुसरा मुलगा वाचला की नाही, हेही नाही. तिच्या कागदावर मी जे लिहिले ते खोडण्याची सोय आता नाही. म्हणून तुमच्यासमोर, ही व्याख्याने छापली जातात हे माहीत असताना, एवढेच सांगतो की, तिने दोघांना एकाच ताटात जेवू घातले होते. मी तिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता.